प्रतीक्षा यादी कुणाच्या सोयीची?

एकट्या मुळशी तालुक्यात प्रवेशाची वाट पाहण्याच्या निदान चार तऱ्हा आहेत. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. आयबीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणारी तिथली देशोदेशीची मुलं अमेरिकी आणि ब्रिटिश विद्यापीठांच्या उत्तरांकडे डोळे लावून बसतात. लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसचा मोठा परिसर आहे. तिथल्या एमबीएच्या जागेसाठी देशभरातली मुलं गुणवत्ता यादीखालची वेटलिस्ट किती सरकली, ते रोज उघडून पाहतात. त्याच लवळ्यात २०२० पासून सिंबायोसिसचं मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या जागा दिल्लीहून चालणाऱ्या फेऱ्यांमधून भरतात, त्यामुळे तिथली वाट पाहणं निराळं. आणि भूगाव, पिरंगुट, पौड, घोटावडे, माण इथल्या घरांत दहावी-बारावी झालेली मुलं आहेतच. त्यांचा सगळा जून-जुलै राज्याच्या ऑनलाइन फेऱ्यांमध्ये जातो आणि भेटेल तो नातेवाईक विचारतो, "नंबर लागला का?"

या चौघांच्या पदरात पडणारं उत्तर वरवर सारखंच असतं: अजून नाही. पण त्या 'अजून नाही'च्या मागे चार वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि कोणती व्यवस्था मुलाला काय सांगते व काय दडवते, यात फार मोठा फरक आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रतीक्षा यादी ही मुलाच्या लायकीबद्दलची टिप्पणी नसते. किती मुलं प्रत्यक्ष येतील हे संस्थेला ठाऊक नसतं, आणि त्या अनिश्चिततेचा भार ती या यादीच्या रूपाने घराघरांवर टाकते. हा भार टाकणं काही प्रमाणात अपरिहार्य आहे. मात्र तो टाकताना तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: क्रमांक कितवा, उत्तर कधीपर्यंत, आणि मधल्या काळात भरलेल्या पैशांचं काय. हे तीन प्रश्न हातात धरून या सगळ्या तऱ्हा तपासायच्या आहेत.

खुबवलीपासून सुरुवात करू, कारण वाट पाहण्याचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार तिथल्या मुलांच्या वाट्याला येतो. अमेरिकेत अर्ज दोन हंगामांत होतात. लवकरचा अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला जातो आणि त्याचं उत्तर डिसेंबरच्या मध्यावर येतं. नेहमीचा अर्ज जानेवारीच्या आसपास जातो, त्याचं उत्तर मार्चअखेर. बरीच कॉलेजं निकाल तिकडच्या संध्याकाळी जाहीर करतात, म्हणजे आपल्याकडे पहाट असते. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा डिसेंबरात मुळशीत पहाटेचे साडेपाच आणि मार्चअखेर साडेचार वाजलेले असतात. वसतिगृहाच्या खोलीत अंधारातच लॅपटॉप उघडला जातो. डिसेंबरातल्या त्या पत्रात होकार किंवा नकार यांच्याखेरीज तिसरं उत्तर असू शकतं: डिफर. म्हणजे अर्ज नाकारलेला नाही, तो नेहमीच्या हंगामाच्या गठ्ठ्यात ठेवला आहे आणि मार्चमध्ये पुन्हा वाचला जाईल.

इथे पालकांचा मोठा गोंधळ होतो, म्हणून नीट वेगळं करून सांगतो. डिफर झालेल्या अर्जावर निर्णय झालेलाच नसतो. तो बाकीच्या सगळ्या अर्जांबरोबर पुन्हा तराजूत पडतो. वेटलिस्टवर गेलेल्या अर्जावर मात्र निर्णय झालेला असतो: मूल घेण्याजोगं आहे, पण जागा नाही. डिफर झालेल्याला मार्चमध्ये होकार, नकार किंवा वेटलिस्ट यांपैकी काहीही मिळू शकतं. तिसरा प्रकार याहून निराळा. प्रवेश मिळालेलं मूल स्वतःच 'मी एक वर्षाने येतो' म्हणतं, त्यालाही डिफर करणंच म्हणतात. त्याकडे शेवटी येतो.

डिफरमागचा विचारही सगळीकडे सारखा नसतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाची रीत अशी की लवकरच्या हंगामात ज्यांना घेतलं नाही, त्या सगळ्यांनाच पुढे ढकलायचं. तिथे डिफर झाल्यावर हुरळून जाण्यासारखं काही नाही. उलट स्टॅनफर्ड फार थोड्यांनाच डिफर करतं, तिथे त्या उत्तराला वजन आहे. म्हणून त्या-त्या कॉलेजात डिफरचा अर्थ काय, हे आधी पाहावं आणि मग आशा किती धरायची ते ठरवावं. आणखी एक बाब अनेक घरांना ठाऊक नसते. 'अर्ली डिसिजन' म्हणून केलेला अर्ज बांधून घेणारा असतो, होकार आला तर जावंच लागतं. तोच अर्ज डिफर झाला की ते बंधन सुटतं. मार्चमध्ये तिथून होकार आला, तरी मूल दुसरं कॉलेज निवडायला मोकळं असतं.

मार्चअखेरच्या वेटलिस्टचं गणित समजायला एक कॉलेज डोळ्यांसमोर आणा. समजा, पहिल्या वर्षाला पाचशे जागा आहेत. होकार दिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं येतात, असा मागच्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून कॉलेज दीड हजार मुलांना होकार कळवतं. १ मे ही पैसे भरून जागा पक्की करण्याची रूढ तारीख. त्या दिवशी पाचशे वीस मुलांनी पैसे भरले तर वसतिगृहात खाटा पुरत नाहीत आणि वेटलिस्ट तिथल्या तिथे संपते. चारशे साठच आली, तर चाळीस जागा वेटलिस्टमधून भरायच्या. पण या चाळीस जागा वरून खाली मोजत दिल्या जात नाहीत. संगीतात वाजवणारे कमी पडले असतील, भौतिकशास्त्राकडे कुणी वळलंच नसेल, पूर्ण फी भरणारी मुलं कमी असतील, तर त्या-त्या खाचेत बसणारं मूल उचललं जातं. बहुतेक कॉलेजं यादीला क्रमांक देत नाहीत ते यामुळेच.

आपल्याकडच्या माणसाला हे पचणं अवघड जातं, कारण रेल्वेच्या तिकिटाने आपल्याला निराळी सवय लावली आहे. वेटिंग चौदा असेल तर उद्या ते नऊ झालेलं दिसतं, आणि आरएसी असलं तर निदान बसायला जागा आहे हे कळतं. अमेरिकेच्या वेटलिस्टवर सहसा ना क्रमांक असतो, ना आरएसी. मूल तिथे किती अंतरावर उभं आहे ते त्यालाच काय, बहुधा कॉलेजलाही १ मेपर्यंत माहीत नसतं.

मात्र एक गोष्ट तिथे चांगली आहे आणि ती इथे आणावी असं मला मनापासून वाटतं. तिथली बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक ठरावीक तक्ता प्रसिद्ध करतात. त्यात वेटलिस्टबद्दल तीन आकडे मागितलेले असतात: किती जणांना यादीत जागा देऊ केली, किती जणांनी ती स्वीकारली आणि अखेर किती जणांना प्रवेश मिळाला. यादीला क्रमवारी आहे का, हाही प्रश्न त्यात असतो. लागोपाठच्या चार वर्षांचे हे तक्ते शेजारी ठेवले की कळतं: एखाद्या वर्षी शंभर मुलं उचललेली असतात, तर पुढच्या वर्षी एकही नाही. हे पाहिलेलं मूल वेटलिस्टवर नाव ठेवेल, पण तिच्यावर भिस्त ठेवणार नाही. ते १ मेपूर्वी दुसऱ्या कॉलेजात पैसे भरून जागा पक्की करेल. तसंच करायला हवं. नंतर वेटलिस्ट उघडली तर ते आधीचे पैसे सोडावे लागतात, एवढाच तोटा. दोन कॉलेजांत एकाच वेळी पैसे भरून ठेवणं मात्र गैर आहे, कारण त्यात दुसऱ्या कुणा मुलाची जागा अडते.

डिफर किंवा वेटलिस्ट झाल्यावर कॉलेजला एक पत्र लिहिण्याची रीत आहे. या पत्रात लोक विनवण्या करतात, आपलं स्वप्न सांगतात, आजोबांची इच्छा सांगतात. त्याचा उपयोग होत नाही. अर्ज गेल्यानंतर नवं काय घडलं, तेवढंच लिहावं: नवे अपेक्षित गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, गावात सुरू केलेलं काम आणि त्यात पुढे काय झालं. पान एक पुरे. प्रवेश मिळाला तर नक्की येणार असू तरच तसं लिहावं, आणि ते वाक्य एकाच कॉलेजला लिहावं.

परदेशी जाणाऱ्याच्या वेटलिस्टला आणखी दोन काटे असतात. पहिला पैशाचा. मदतीचा निधी मार्चमध्येच बराचसा वाटून झालेला असतो, आणि प्रवेश देताना घरची ऐपत न पाहणारी काही कॉलेजंसुद्धा वेटलिस्टच्या वेळी ती पाहतात. युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या मुलांना २००० साली सुरू झालेल्या डेव्हिस शिष्यवृत्ती योजनेचा आधार मिळू शकतो, कारण त्यांना घेणाऱ्या अमेरिकी कॉलेजांना ही योजना पैसे देते. पिंपरीच्या किंवा कोथरूडच्या एखाद्या शाळेतून थेट अर्ज करणाऱ्या मुलाला तो आधार नाही. दुसरा काटा व्हिसाचा. वेटलिस्ट जूनच्या मध्यावर उघडली आणि वर्ग ऑगस्टअखेर सुरू होणार असतील, तर मधल्या दोन महिन्यांत कॉलेजची कागदपत्रं, बँकेचे दाखले आणि मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत हे सगळं उरकायचं असतं. २०२५ मध्ये अमेरिकेने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच थांबवलं होतं. त्या वर्षी उशिरा होकार मिळालेल्या भारतीय मुलांची काय घालमेल झाली असेल, ते वेगळं सांगायला नको.

ब्रिटनची रीत साधी आहे, म्हणून थोडक्यात. तिथे अट घातलेला होकार मिळतो. समजा, आयबीच्या ४५ पैकी ३८ गुण मिळवले तर जागा तुमची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आयबीचा निकाल लागला की प्रश्न मिटला. मूल एक पक्की आणि एक राखीव अशा दोन पसंती धरून ठेवू शकतं. त्या दोन्ही हुकल्या तर उरलेल्या जागांसाठी 'क्लिअरिंग' आहे. इथे वाट पाहावी लागते ती आपल्याच निकालाची, दुसऱ्या कुणाच्या मर्जीची नाही.

आता आपल्या घरच्या व्यवस्थेकडे येऊ. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला 'कॅप' म्हणतात, आणि त्याच्या फेऱ्या सीईटी कक्ष घेतो. आजच्या रचनेमागे न्यायालयातली मोठी लढाई आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि त्याबरोबर 'डोनेशन' आलं. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पुढे २००२ चा टी. एम. ए. पै खटला आणि पुण्याहून सर्वोच्च न्यायालयात गेलेला २००५ चा पी. ए. इनामदार खटला यांनी खाजगी संस्थांच्या प्रवेशाची आणि फीची चौकट ठरवली. २०१५ च्या राज्याच्या कायद्याने प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण उभं राहिलं. ठाण्याच्या पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्टच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाचं वेळापत्रकच बांधून दिलं आणि १५ ऑगस्टनंतर कोणत्याही कोट्यातून प्रवेश नको असं बजावलं. ही तारीख नंतरच्या वर्षांत पुढे सरकत गेली, ती गोष्ट वेगळी. पण वाट पाहण्याला शेवट असला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं.

कॅपमध्ये अमेरिकेसारखी आंधळी वेटलिस्ट नाही, आणि ही फार मोठी कमाई आहे. गुणवत्ता क्रमांक जाहीर असतो. मागच्या वर्षीचा प्रत्येक कॉलेजचा, शाखेचा, प्रवर्गाचा कटऑफ जाहीर असतो. मिळालेली जागा स्वीकारून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी उभं राहता येतं. त्याला बेटरमेंट म्हणतात. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, नाही मिळाली तर हातातली जात नाही.

जागा सरकतात कशा, ते एका साखळीवरून पाहू. समजा, पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटरला जागा मिळालेल्या मुलीला आयआयटी मिळाली आणि तिने सीओईपी सोडलं. ती जागा पीआयसीटीत बेटरमेंट धरून बसलेल्या मुलाकडे गेली. त्याची पीआयसीटीतली जागा बिबवेवाडीच्या व्हीआयटीत असलेल्या मुलीला मिळाली, आणि व्हीआयटीतली जागा पिरंगुटच्या एका मुलाला. वर एकीने 'नाही' म्हटलं आणि खाली तिघांचे पत्ते बदलले. यातल्या कुणाही मधल्याने जागा फ्रीज केली असती, म्हणजे मिळालेलीच कायम ठेवली असती, तर साखळी त्याला वगळून पुढे गेली असती. वर बसलेल्याने न लागणारी जागा वेळेत सोडली नाही, तर खालच्या तिघांनाही काही मिळत नाही. म्हणून नको असलेली जागा लगेच रद्द करणं हे कर्तव्य मानावं, असं मी प्रत्येक पालकाला सांगेन.

२०२५ च्या हंगामात फेऱ्या चार झाल्या आणि एक कडक नियम आला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाली तरी तेच. हेतू योग्य आहे. मुलं जागा अडवून शेवटपर्यंत थांबायची आणि सप्टेंबरात वर्ग रिकामे राहायचे, ते टाळायचं होतं. पण याचा परिणाम पर्यायांच्या अर्जावर कसा होतो, तो गावातल्या ई-सेवा केंद्रात बसलेल्या मुलाला कुणी समजावून देत नाही. समजा, घोटावड्याच्या एका मुलीने पहिली दोन कॉलेजं विचार करून लिहिली आणि तिसऱ्या ओळीत मैत्रिणीने टाकलं म्हणून एक लांबचं कॉलेज टाकलं. तिला खरं हवं होतं ते जवळचं कॉलेज पाचव्या ओळीत गेलं. दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती लागली आणि तिची वाट तिथेच संपली. पाचव्या ओळीतलं कॉलेज दुसऱ्या फेरीतच मिळण्याइतका तिचा क्रमांक चांगला होता, तरी त्याचा विचारच झाला नाही, कारण यंत्रणा वरून खाली वाचते आणि जे पहिलं मिळतं तिथे थांबते. नव्या नियमाने अशा चुकीची किंमत वाढली. पहिल्या सहा ओळींत एकही नाव भर घालायला लिहू नये, आणि ओळींचा क्रम कटऑफचा नसावा, आपल्या खऱ्या इच्छेचा असावा. या एका गोष्टीवर शाळा-कॉलेजांनी मे महिन्यात गावोगावी तासभर बोललं, तरी कितीतरी मुलांचं वर्ष सावरेल.

कॅपच्या बाहेर जाण्याआधी मुलींच्या पालकांनी एक हिशेब करायलाच हवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही सवलत केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेलाच आहे. संस्था पातळीवरच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही, आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. घाबरून पहिल्याच आठवड्यात मॅनेजमेंटची जागा घेणाऱ्या घराला त्या घाईचे काही लाख मोजावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत थांबण्याचा पैशातला मोबदला इतका उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

राखीव प्रवर्गातल्या मुलांना आणखी एक वाट पाहावी लागते, ती जात पडताळणीची. अर्ज केल्याची पावती दाखवून जागा मिळते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत वैधता प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. कॅपच्या फेरीत नंबर लागूनही मूल समितीच्या टेबलावरच्या फायलीकडे पाहत राहतं. सरकार दरवर्षी मुदती वाढवतं, पण मुदतवाढ कधी येईल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. मला हे सगळ्यांत अन्यायाचं वाटतं, कारण इथे उशीर मुलाचा नसतो आणि शिक्षा मात्र त्याला होते. अकरावीत विज्ञान शाखा घेतानाच पडताळणीचा अर्ज टाकावा, हा आज तरी एकमेव उपाय आहे.

अकरावीचा प्रवेश २०२५ पर्यंत पुणे-पिंपरी चिंचवडसारख्या शहरी पट्ट्यांपुरता ऑनलाइन होता. पौडच्या मुलाने थेट कॉलेजात जाऊन अर्ज भरायचा. २०२५ मध्ये तो सगळ्या राज्यासाठी एक झाला. राज्यभर २१ लाखांहून अधिक जागा होत्या आणि नोंदणी करणारी मुलं त्याहून कितीतरी कमी. तरीही घराघरांत यादीची धास्ती होती, कारण तुटवडा जागांचा नव्हता, ठरावीक दहा-वीस कॉलेजांतल्या जागांचा होता. इथेही पहिली पसंती लागली तर घ्यावीच लागते, नाही घेतली तर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांबाहेर जातं. मुळशीच्या मुलाने पहिल्या ओळीत डेक्कनवरचं नावाजलेलं कॉलेज लिहिताना पीएमपीच्या बसने रोजचे तीन तास मोजलेत का, ते आई-वडिलांनी विचारावं.

वैद्यकीय प्रवेशात प्रत्येक फेरीगणिक दोर आवळत जातो. लवळ्याच्या मुलींच्या महाविद्यालयासारख्या अभिमत संस्थांच्या फेऱ्या केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती घेते. त्यासाठी दोन लाख रुपये अनामत भरावी लागते. पहिल्या फेरीतली जागा सोडली तर काही जात नाही. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा न घेतल्यास अनामत जप्त होऊ शकते, आणि अगदी शेवटच्या उरलेल्या जागांच्या फेरीत जागा लागूनही न घेणाऱ्याला पुढच्या संधीलाही मुकावं लागतं. आठ-दहा लाखांच्या पुढची वार्षिक फी भरण्याची तयारी नसताना 'बघू तर खरं' म्हणून या फेरीत नाव टाकणारी घरं मोठ्या संकटात सापडतात. या फेरीत उतरण्याआधी बँकेशी बोलून झालेलं असावं.

लवळ्याच्या एमबीएची किंवा कोणत्याही नावाजलेल्या बी-स्कूलची वेटलिस्ट अमेरिकेची आंधळी यादी आणि कॅप या दोन्हींच्या मधली. क्रमांक कळतो, यादी सरकताना दिसते. वरची मुलं आयआयएमकडे गेली की ती भराभर सरकते, आणि मग एका सकाळी थांबते. इथे खरा पेच पैशांचा आहे. एकीकडे हातातल्या कॉलेजची फी भरायची मुदत आज संपते आणि दुसरीकडे आवडत्या कॉलेजची यादी पुढच्या आठवड्यात हलणार असते. अशा वेळी नियम माहीत असणं हीच ताकद. २०१८ ची यूजीसीची अधिसूचना अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही बांधते. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी माघार घेतली तर जास्तीत जास्त ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या आत, कापून बाकी फी परत करावी लागते. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या पंधरा दिवसांत ८० टक्के, त्यापुढच्या पंधरवड्यात ५० टक्के. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला मनाई आहे. २०२४-२५ साठी तर यूजीसीने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून फी परत करायला सांगितलं होतं. दोन-तीन वर्षांची फी एकदम मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या इस्लामिक अकादमी निकालातच मर्यादा घातली. हे नियम तोंडी सांगून भागत नाही. माघारीचा अर्ज लेखी, तारखेसह, ईमेलने पाठवावा.

वेटलिस्टच्या आसपास दलाल फिरतात, त्यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'तुमचा नंबर बारावा आहे, थोडं पुढे सरकवून देतो' असं सांगून रोख मागणारा माणूस एक तर खोटं बोलतो आहे, नाहीतर १९८७ च्या कायद्याने गुन्हा असलेलं काही करतो आहे. यादी आपोआप सरकली तर तो पैसे ठेवून घेतो, नाही सरकली तर गायब होतो. जून-जुलैत असा फोन आला तर त्या क्षणी बंद करावा.

आता राहिलं स्वतःहून वर्ष पुढे ढकलणं. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यावर कारण देऊन वर्षभर थांबायची परवानगी मागता येते. २०२० च्या साथीत हार्वर्डच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के मुलांनी तसं केलं. एक अट बहुधा असते: मधल्या वर्षात दुसऱ्या कॉलेजात पदवीला नाव घालायचं नाही. आर्थिक मदत पुढच्या वर्षी तशीच राहील याचा शब्द मात्र आपण लेखी घ्यावा. आपल्याकडे जागा जपून ठेवण्याची कल्पनाच फारशी नाही. हैदराबादच्या आयएसबीसारख्या एखाद्या संस्थेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना आधी प्रवेश देऊन नोकरीनंतर बोलवायची सोय सुरू झाली. बाकी सगळीकडे सीईटीचे, नीटचे गुण त्या वर्षापुरतेच. आयआयटीत दाखल होऊन मग सोडणाऱ्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पुन्हा बसताही येत नाही. घरात आजारपण आलं, वडिलांची चाकणची नोकरी गेली, तरी मुलीला एक वर्ष थांबता येत नाही. थांबली तर तिने 'ड्रॉप' घेतला म्हणतात आणि पुढच्या वर्षी नोटरी केलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा यूजीसीने २०२४ मध्ये दिली आहे. तिचा पहिला उपयोग अशा मुलांसाठी व्हायला हवा: जुलैत मिळालेली जागा सबळ कारण दाखवून जानेवारीपर्यंत राखून ठेवता यावी.

आणि वेटलिस्ट काढणाऱ्या प्रत्येक अभिमत व खाजगी विद्यापीठाने अर्जाच्या पहिल्याच पानावर मागच्या तीन वर्षांचा तक्ता छापावा: यादीत किती होते, शेवटच्या दिवसापर्यंत किती जणांना बोलावलं, शेवटची हालचाल कोणत्या तारखेला झाली, आणि त्या तारखेनंतर माघार घेणाऱ्याला किती पैसे परत मिळाले. हे आकडे प्रत्येक प्रवेश कक्षाच्या संगणकात आजही आहेत. फी परताव्याचे नियम यूजीसीला घालता आले, तसा हा तक्ताही सक्तीचा करता येईल, आणि तो पुढच्या हंगामाचे अर्ज सुटण्याआधी व्हायला हवा.